उतारावरचा मुक्काम

दाक्षिणात्य माणसे आरंभी शूर असतात, असा एक जुना संस्कृत टोमणा आहे. नर्मदेच्या उत्तरेस तीन-चार पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी मंडळींना तो लहानपणापासून ऐकावा लागला आहे. आणि मंडळांचे गणपती, मोफत वाचनालये, हस्तलिखित मासिके यांचा अनुभव जमेस धरला तर तो अगदीच निराधार आहे, असे म्हणवत नाही. परंतु मध्यप्रदेश शासनाच्या कोषागार विभागात छत्तीस वर्षे काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की, आरंभशूरता हा कोण्या एका प्रांताचा दोष नव्हे. ज्या कामाच्या आरंभाच्या आणि शेवटाच्या मध्ये लांबच लांब काळ पसरलेला असतो, अशा प्रत्येक कामाचा तो स्वभाव आहे. नस्ती उघडताना सर्वांना हुरूप असतो, निकाली काढताना समाधान असते. मधली टिपणे लिहिण्याची वेळ आली की मात्र ज्याला त्याला दुसरी कामे आठवतात.

या मधल्या काळाविषयी लिहावेसे वाटले त्याचे कारण कार्यालयीन नाही. 2023 च्या कार्तिकात हाती घेतलेले एक काम 2025 च्या माघात आमच्या हातून पुरे झाले. आमच्या थोरल्या बंधूंच्या मालवाहू गाडीचे इंजिन आम्ही दोघांनी घरच्या आवारातच उघडले, दुरुस्त केले आणि पुन्हा बांधले. आरंभी दादांचे वय बहात्तर होते, आमचे पासष्ट. दादांना काही वर्षांपासून कंपवात आहे. म्हणजे ज्यांना काम येत होते त्यांचे हात चालत नव्हते आणि ज्यांचे हात चालत होते त्यांना काम येत नव्हते. अशा भांडवलावर हा व्यवहार सुरू झाला.

गाडी टाटा 407. हा लहान ट्रक 1986 मध्ये बाजारात आला आणि तेव्हाच्या टेल्कोला, म्हणजे 2003 पासूनच्या टाटा मोटर्सला, त्याने मोठे नाव मिळवून दिले. दादांनी 1990 साली कर्ज काढून तो घेतला. त्यातील इंजिनाला 497 म्हणतात. या आकड्यात एक साधी गंमत आहे. पहिला अंक सिलिंडरांची संख्या सांगतो, पुढचे दोन त्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, पिस्टनची धाव 100 मिलिमीटर. गुणाकार करून पाहिला तर 2,956 घन सेंटिमीटर भरतात. आकड्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यंत्राच्या नावातच हिशेब सापडावा, हे बरे वाटले.

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर, सेंधवा, बिजासन घाट उतरून शिरपूर-धुळे, जाताना बटाटा आणि येताना मिळेल ते, असा या गाडीचा क्रम होता. दादांच्या मुलाचे शिक्षण, आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न, वडिलांचे शेवटचे आजारपण हे सारे तिने ओढले. आमच्या सात बदल्या झाल्या. झाबुआ असो, मंदसौर असो वा खरगोन, दर वेळी आमचे बिऱ्हाड याच गाडीत चढले आणि उतरले. शासन सामानाच्या वाहतुकीचा भत्ता देत असे. दादांनी मात्र आमच्याकडून कधी एका खेपेचेही भाडे घेतले नाही.

2017 मध्ये गाडी बंद पडली. हेडचे गॅस्केट जाऊन पाणी ऑइलमध्ये उतरले होते. पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ होते आणि त्याचा वंगणाचा गुण जातो. मग क्रँकच्या बेअरिंगांना धातूवर धातू घासण्यावाचून गती उरत नाही. तसेच झाले. पुढे दादांचा आजार निघाला आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला येऊन दर सांगून गेला. बंगळुरूहून पुतण्याचा फोन आला, "काका, विकून टाका, जागा तरी मोकळी होईल." त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पंधरा वर्षांवरील मालवाहनांच्या फिटनेसचे शुल्क 2022 च्या एप्रिलपासून बरेच वाढलेले. दुरुस्तीचा अंदाज भंगाराच्या किमतीपेक्षा अधिक. लेखापरीक्षकाने पहिल्याच पानावर आक्षेप नोंदवावा असा हा खर्च होता.

आक्षेप आम्हांलाही सुचला होता. परंतु भंगारवाला येऊन गेल्यापासून दादांचे बोलणे कमी झाले. सकाळी वर्तमानपत्र हाती धरत, पण पान उलटत नसत. एके दिवशी वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भाऊजी, आज त्यांनी खुर्ची शेडमध्ये टाकायला सांगितली आहे." आम्ही खुर्ची नेऊन टाकली. दादा बराच वेळ गाडीकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, "विकायची तर विकू. पण आत काय झालंय ते तरी उघडून बघू."

उघडण्याचे काम नऊ दिवसांत झाले. लोखंडी तिपाई भाड्याने आणली, तिला चेन-पुली लावली आणि शेजारच्या दोन तरुणांच्या मदतीने इंजिन बाहेर काढले. श्रीखंडाचे रिकामे डबे वहिनींनी वर्षानुवर्षे जपून ठेवले होते, त्यांचे सार्थक झाले. प्रत्येक डब्यावर क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची नोंदवहीत ओळ, असा आमचा कोषागारी खाक्या. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी एकत्रच कातलेली असते, एकीची टोपी दुसरीला चालत नाही, हे दादांनी पहिल्याच दिवशी बजावले; चारही जोड्या एकमेकींना बांधून ठेवल्या. रोज संध्याकाळी हातांना काळे लागलेले असे आणि वहीत दोन-तीन पाने भरलेली असत. मोडण्याच्या कामात प्रगती डोळ्यांना दिसते.

ट्रान्सपोर्टनगरातले दादांचे जुने मिस्त्री पाहायला आले. मांडलेल्या डब्यांवरून नजर फिरवून ते म्हणाले, "बाबूजी, खोलना नौ दिन का, बाँधना नौ महीने का समझो." आम्ही हसलो. प्रत्यक्षात पंधरा महिने लागले.

त्यांतले बहुतेक महिने काम अवघड होते म्हणून गेले नाहीत. ब्लॉक आणि क्रँक यंत्रशाळेत गेले. मायक्रोमीटरने मोजता क्रँकची जर्नले गोल न राहता किंचित अंडाकृती झालेली निघाली. ती अर्ध्या मिलिमीटरने बारीक घासून त्या मापाची बेअरिंगे घालायची असे ठरले. तीन आठवड्यांचा वायदा होता, अकरा आठवडे लागले. मग बेअरिंगांचा संच आला, त्याच्या खोक्यावर हवे ते माप होते आणि आत भलतेच. तो परत करण्यात महिना. इंजेक्शन पंप जोडकामवाल्याकडे, नोझल त्याच्याच शेजारी. इकडे शेडमध्ये उरले ते डबे, ताडपत्रीखालचा ढीग आणि इंजिनावाचून पुढून उंचावलेली गाडी. पाहुणे येत आणि विचारत, "अजून चालूच का?" त्या प्रश्नात वाईट हेतू नसे, पण त्याला उत्तरही नसे. मार्च-एप्रिलपर्यंत अशी स्थिती आली की आवारातून जाताना पाय आपोआप शेडला वळसा घालीत. उत्साह गेला असे म्हणणे पुरेसे नाही. त्या ढिगाविषयी मनात एक प्रकारची भीड उत्पन्न झाली होती.

अशा दिवसांत वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात रुडॉल्फ डीझेल यांची हकीगत वाचली. त्यांचे पहिले प्रायोगिक इंजिन ऑग्सबर्गच्या कारखान्यात 1893 च्या ऑगस्टमध्ये चाचणीस उभे राहिले, पण स्वतःच्या बळावर चालले नाही. 1894 च्या फेब्रुवारीत ते जेमतेम एक मिनिट आपले आपण फिरले. जगाला दाखवण्याजोगे यंत्र व्हायला 1897 चा फेब्रुवारी उजाडला. मधली साडेतीन वर्षे मोडणे, बदलणे, पुन्हा मांडणे यांतच गेली. आम्ही हे दादांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "त्यांना सुटे भाग बाजारात मिळत नव्हते. आपल्याला मिळतात." थोरांच्या चरित्रातून धीर घ्यावा असे सांगतात, दादांनी त्यातून तक्रार करण्यास जागा नाही एवढाच अर्थ घेतला.

खरा उपाय मात्र त्यांनी आपल्या धंद्यातून काढला. जुन्या डिझेल गाडीचा चालक मुक्कामाला गाडी कधी सपाटीवर उभी करीत नाही, पुढे उतार असेल अशी जागा शोधतो. रात्रीच्या थंडीत बॅटरी बसली तरी सकाळी ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरते. एका संध्याकाळी आम्ही कंटाळून साधने आवरत होतो. दादा म्हणाले, "असं आवरू नको. उद्याच्या पहिल्या कामाचा पाना वर काढून ठेव. काम उतारावर उभं करून ऊठ."

आम्ही आयुष्यभर याच्या उलट वागत आलो होतो. टेबल स्वच्छ करून घरी जाणे हा आमचा शिष्टाचार. परंतु स्वच्छ टेबलासमोर दुसऱ्या दिवशी सकाळी जो प्रश्न उभा राहतो, कुठून सुरुवात करावी, तोच मधल्या काळातला सर्वांत मोठा चढ असतो. त्या दिवसापासून नोंदवहीत प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ वाढली: "पुढचे काम". त्यासमोर "इंजिन बांधणे" असे लिहायला दादांची बंदी होती. "एक नंबरचा व्हॉल्व्ह पेस्टने घासणे," एवढे लहान लिहायचे, आणि तो व्हॉल्व्ह, पेस्टची डबी आणि फडके पाटावर मांडून ठेवायचे.

या गाडीच्या हेडमध्ये आठ व्हॉल्व्ह. घासण्याची पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर दोन्ही तळहातांत धरून रवीसारखा फिरवायचा, पुसायचा, पाहायचा. बैठकीवर अखंड करडा पट्टा उमटला की झाले. मग स्प्रिंगा चढवून हेडच्या वाटांत रॉकेल ओतायचे आणि कडेने ओल येते का ते पाहत बसायचे. दिवसाला एक व्हॉल्व्ह या गतीने आठ दिवस गेले. आठव्या दिवशी इंजिन होते तिथेच होते, पण वहीत आठ ओळींपुढे खूण झाली होती. यंत्रशाळेकडून निरोप आला नाही, तरी आमच्याकडे दुसऱ्या दिवसाचे काम होते. इतरांच्या वायद्यावर अवलंबून असलेल्या कामात आपल्या हाती राहिलेला भाग वेगळा काढणे, हीही एक युक्ती आम्हांला त्यात सापडली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ब्लॉक बोअर आणि होनिंग होऊन घरी आला. पावसाळा तोंडावर होता. नव्याने घासलेल्या सिलिंडरांना दमट हवेत एका रात्रीत गंज चढतो. म्हणून ते ऑइलने माखून गुंडाळून ठेवले. वहीत लिहिले, "पुढचे काम: रिंगांचे गॅप मोजणे." रिंगा, पिस्टन आणि फीलर गेज पाटावर मांडले, वर कापड टाकले. त्याच रात्री दादा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया झाली. त्या वयात आणि त्या आजारात खुब्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिले असेल. ते आठवडे शेडकडे कोणी फिरकले नाही. फिरकण्याचे कारणही राहिले नव्हते. दादा घरी आले, पण पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत, त्यांना ते "उद्या" म्हणत. वहिनी एकदा आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, यांनी मनातून सोडून दिलंय." आम्हांला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला होता. सिलिंडरांना गंज तर चढला नाही ना, एवढे पाहण्यासाठी आम्ही शेडमध्ये गेलो. गंज नव्हता. पाटावरचे कापड काढले तर सारे महिन्यापूर्वी ठेवले तसेच होते: रिंगा, पिस्टन, फीलर गेज, उघडी वही. त्या क्षणी काही निश्चय वगैरे केला नाही. काम समोर मांडलेले होते, म्हणून पहिली रिंग उचलून सिलिंडरमध्ये सरकवली, पिस्टनच्या सपाट बाजूने खाली ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत पात्या घालून पाहिल्या. चारही सिलिंडरांच्या वरच्या रिंगा मोजून झाल्या तेव्हा दिवेलागण झाली होती.

रात्री वही घेऊन दादांच्या पलंगाशी बसलो आणि नुसते आकडे वाचले. "एक नंबर, चाळीस. दोन नंबर, चाळीस. तीन नंबर, पंचेचाळीस." मिलिमीटरचे शंभरावे भाग ते. दादांनी मान वळवली.

"तीन नंबर पुन्हा घे. रिंग सरळ बसली होती का?"

"बसली होती. तरी उद्या पुन्हा घेतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले, पंचेचाळीसच भरले. "मग चालेल," दादा म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "त्या बाई किती वाजता येतात?"

यातून फार मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही टाळतो. हाड सांधले ते वैद्यकाने आणि व्यायामाने. कंप कमी झाला नाही, होणारही नाही. पण श्रावणात वॉकर घेऊन दादा शेडच्या उंबऱ्यापर्यंत आले, हे खरे. आमच्या बाजूनेही एक गोष्ट खरी. एकट्यासाठी असते तर ते काम आम्ही केव्हाच बाजूला ठेवले असते. रोज रात्री कोणाला तरी आकडे वाचून दाखवायचे आहेत, ही लहानशी बांधिलकी उत्साहाहून अधिक टिकली. नोकरीत महिनाअखेरीचे ताळेबंद आम्ही उत्साहाने थोडेच केले होते? पहिल्या तारखेला कोणाचे तरी निवृत्तिवेतन अडले असते, म्हणून केले.

बांधण्याचे काम हिवाळ्यात झाले. बेअरिंगे ऑइल लावून बसवली, क्रँक ठेवला, प्रत्येक टोपी आवळल्यावर तो हाताने फिरतो की नाही ते पाहिले. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ न देता पिस्टन उतरवले. गिअरांवरच्या खुणा जुळवल्या. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळले. दादा खुर्चीतून बोलत. आम्ही करून मोठ्याने परत सांगत असू. जे त्यांच्या हातांना चाळीस वर्षे न सांगता येत होते, ते त्यांना शब्दांत सांगावे लागले. कित्येकदा ते थांबत, कापणारा हात हवेत धरून काहीतरी आवळल्यासारखे करीत आणि मग म्हणत, "लिही. आधी हाताने पूर्ण फिरव, मग पाना लाव."

माघात पंप जोडला. फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून डिझेलमधली हवा काढली. आधी स्टॉपची तार ओढून धरून, डिझेल न देता इंजिन फिरवले. ऑइलच्या दाबाचा काटा उचलेपर्यंत. मग तार सोडली. थोडा पांढरा धूर आला, इंजिनाने धडपडत धरले आणि लंगडत चालू लागले. दादांनी डोळे मिटले. "तीन नंबर," ते म्हणाले. एकेका नोझलच्या नळीचे नट सैल करून पाहिले. तिसऱ्याचे सैल केल्यावर आवाजात फरक पडला नाही. त्या नळीत हवा राहिली होती. ती निघाली, नट आवळला, आणि चारही सिलिंडर एका लयीत आले. वहिनी ओसरीवर येऊन उभ्या होत्या. कोणी काही बोलले नाही. त्या आवाजात ऐकूही आले नसते.

हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा, हे आम्ही खर्चाच्या पानावर स्वच्छ लिहून ठेवले आहे. गाडी रस्त्यावर न्यायची की नाही, फिटनेसचा खटाटोप करायचा की नाही, ते अजून ठरलेले नाही. पुतण्या दिवाळीत आला होता. त्याने नोंदवही मागून घेतली आणि दोन रात्री वाचत बसला. तिची एकशे सत्त्याऐंशी पाने झाली आहेत. पहिली तीन दादांच्या हस्ताक्षरात, वाकडी, मोठाल्या अक्षरांत. पुढची आमच्या हस्ताक्षरात, पण शब्द बहुतेक त्यांचेच.

शेवटच्या लिहिलेल्या पानाच्या तळाशी अशी ओळ आहे: "पुढचे काम: पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक उघडणे." जॅक आणि चाकाचा पाना बाहेर काढून ठेवला आहे.